हिरव्या चौकटीमागची माणसं

आतड्यातली गाठ संगणक आता डॉक्टरांच्या आधी हेरतो, ही बातमी तुम्ही वाचलेली आहे. पडद्यावरचा गुलाबी बोगदा, त्यात अचानक उमटणारी हिरवी चौकट, 'टिंग' असा आवाज आणि यंत्राशेजारी उभे असलेले हसतमुख डॉक्टर, हेही पाहून झालं आहे. ते पुन्हा सांगत नाही. या क्षेत्रातली माणसं परिषदेच्या व्यासपीठावरून जे बोलतात आणि नंतर जेवणाच्या रांगेत हातात प्लेट धरून जे बोलतात, त्यांत बरंच अंतर असतं. पुढचा मजकूर रांगेतला आहे.

सुरुवात एका गादीपासून करावी लागेल. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये चार्ल्स मोर्टेल नावाचे पचनसंस्थेच्या कर्करोगाचे डॉक्टर होते. (जर्दाळूच्या बियांशी नातं सांगणारं 'लेट्रिल' हे चमत्कारी औषध पुढे चाचणीत निरुपयोगी ठरवून भाविकांचे शिव्याशाप घेणारे ते हेच.) औषधाने गाठ लहान झाली असं सहकारी सांगायचे तेव्हा मोर्टेलना एक शंका छळायची. यात औषधाचं कर्तृत्व किती आणि मोजणाऱ्या बोटांचं किती? तेव्हा पोटातली गाठ बहुधा हाताने चाचपूनच मोजली जायची. मोर्टेल आणि संख्याशास्त्रज्ञ जेम्स हॅन्ली यांनी १२ टणक गोळे मऊ गादीवर मांडले, वर फोम रबराचा थर अंथरला आणि १६ अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना बोलावून सांगितलं, मोजा. त्यांत काही गोळे अगदी एकाच मापाचे होते. ते अर्थातच कुणाला सांगितलं नव्हतं.

१९७६ साली निकाल छापून आला. गाठ पाव हिश्शाने लहान झाली की गुण आला असं मानलं, तर सारख्याच मापाच्या गोळ्यांतसुद्धा साधारण पाचांतून एकदा 'गुण' दिसत होता. निकष निम्म्यावर नेला की ही चूक शंभरात सात-आठांवर येत होती. 'निम्मी' गाठ हा निकष जगभर रुळला तो या हिशोबाच्या आधाराने. २००० साली नियम बदलून फक्त सर्वांत लांब बाजू मोजायचं ठरलं, तेव्हा लांबी-रुंदीचा गुणाकार निम्मा होणं म्हणजे लांबी साधारण ३० टक्के कमी होणं, असा हिशोब जुळवला गेला. आज सॉफ्टवेअर यकृतातल्या गाठीचं माप दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत देतं. पण औषध लागू पडलं की नाही हे ठरवणाऱ्या रेघेचं मूळ त्या गादीवर आहे, आणि तिथल्या गोळ्यांना कसलंच औषध दिलेलं नव्हतं.

मोजायचं कसं हे ठरलं, तरी काय मोजायचं हा वाद उरतोच. नियमाप्रमाणे सगळ्या गाठी मोजत नाहीत. जास्तीत जास्त पाच निवडायच्या, एका अवयवात दोनच. आमच्या रिपोर्टिंग रूममध्ये एका चाचणीची सीटी वाचताना दोघा रेडिओलॉजिस्टनी एकाच रुग्णाच्या यकृतातल्या वेगवेगळ्या गाठी निवडल्या. एकाच्या हिशोबाने रोग हटला, दुसऱ्याच्या हिशोबाने वाढला. दोघंही नियमाला धरून होते आणि दोघंही दुसऱ्याच्या निवडीबद्दल चहा पिताना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अशा वेळी तिसऱ्याला बोलावतात. त्याच्या पदाचं नाव भारदस्त असतं, काम मात्र भावाभावांच्या वाटणीत बसवलेल्या मामाचं. आमच्या मामांनी दोन्ही रिपोर्ट शांतपणे वाचले आणि तिसऱ्याच गाठी निवडल्या.

मोजपट्टीची खरी फजिती झाली ती जठराच्या एका दुर्मीळ गाठीत. 'जिस्ट' म्हणतात तिला. नेहमीची केमोथेरपी तिला जवळजवळ लागूच पडत नाही. मार्च २०००मध्ये हेलसिंकीत हैक्की योएन्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्री रुग्णाला इमॅटिनिब ही गोळी सुरू केली. गोळी मुळात रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार झालेली. इथे तर रोग यकृतात पसरलेला होता. महिन्याभराने पेट स्कॅन केला, तर आधी लखलखणाऱ्या गाठी चक्क विझल्या होत्या. एकाच रुग्णाची ही हकिगत पुढच्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापली, आणि जगभरचे डॉक्टर आपापल्या रुग्णांचे सीटी काढून तोच चमत्कार शोधू लागले. सीटीवर तो दिसेना.

कारण गाठ मरत होती, पण आकसत नव्हती. आतल्या पेशी मरून तिचं पाणी होत होतं, कधी आत रक्त साकळत होतं आणि गाठ उलट फुगत होती. याहून वाईट म्हणजे यकृतात पूर्वी नसलेले डाग उमटायला लागले. ते नवे नव्हतेच. आधी त्यांची छटा यकृताच्या छटेत मिसळून गेली होती. औषधाने मेल्यावर ते काळवंडले आणि उघडे पडले. पण नियमाच्या पुस्तकात नवा डाग म्हणजे रोग वाढला, आणि रोग वाढला म्हणजे औषध बंद. म्हणजे गोळी जितकी जोरात काम करणार, तितकी ती बंद पडण्याची शक्यता जास्त.

हा गुंता सोडवला ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या रेडिओलॉजिस्ट हेसुन चॉय यांनी. सीटीच्या प्रत्येक ठिपक्यामागे घनतेचा एक आकडा असतो, हाउन्सफील्डचा. गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती किती 'गडद' झाली आहे हे बघा, असं त्यांनी सुचवलं. ४० रुग्णांच्या अभ्यासावरून २००७ साली निकष आला: लांबी १० टक्क्यांनी किंवा घनता १५ टक्क्यांनी उतरली तर औषध लागू आहे. गाठीच्या चित्रातून शेकडो आकडे उपसणाऱ्या 'रेडिओमिक्स'चा गाजावाजा सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. इथे आकडे दोनच होते आणि ते काढायला साध्या वर्कस्टेशनवर एक वर्तुळ ओढलं की पुरत होतं. रोग परत येतो तेव्हा मोजपट्टी पुन्हा तोंडघशी पडते. मेलेल्या गाठीच्या आतच एक छोटा उजळ कण उगवतो, बाहेरची कड जागची हलत नाही आणि रिपोर्टात येतं, 'जैसे थे'.

आता भांडणाकडे वळू. इतकं दीर्घ आणि इतकं सभ्य भाषेत चाललेलं भांडण या क्षेत्रात दुसरं नाही.

मोठ्या आतड्यात दुर्बीण घालावी न लागता, नुसत्या सीटीवरून संगणकात आतडं उभं करून त्यातून विमानासारखं उडत जायचं, ही करामत १९९४ साली डेव्हिड व्हायनिंग या रेडिओलॉजिस्टने दाखवली. जागा होती नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमची बोमन ग्रे वैद्यकीय शाळा. (बोमन ग्रे कोण? कॅमल सिगारेट बनवणाऱ्या आर. जे. रेनल्ड्स कंपनीचे प्रमुख. कर्करोग शोधायची नवी युक्ती निघाली ती तंबाखूच्या पैशाने नाव कोरलेल्या इमारतीत.) रेडिओलॉजिस्ट खूश झाले. दुर्बीणवाले गप्प बसले, म्हणजे कामाला लागले.

२००३ साली रेडिओलॉजिस्ट पेरी पिकहार्ट यांनी अमेरिकी लष्करी रुग्णालयांमधला अभ्यास छापला. कुठलाही त्रास नसलेल्या १,२३३ जणांची एकाच दिवशी आधी सीटी, मग दुर्बीण. यातली खोच वेगळीच होती. दुर्बीणवाला आतड्याचा एक भाग नीट तपासून 'इथे काही नाही' म्हणाला, की त्या भागातला सीटीचा निकाल त्याला त्याच क्षणी सांगायचा. सीटीत काही दिसलेलं असेल तर त्याने मागे जाऊन पुन्हा बघायचं. तोवर दुर्बीण हीच कसोटी मानली जायची, त्यामुळे तिच्या नजरेतून काय निसटलं हे कळायचा मार्गच नव्हता. या खेळीने तो मिळाला. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे धोक्याचे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या भिंतीवरचे कोंब, सीटीने ९३.८ टक्के पकडले, दुर्बिणीच्या पहिल्या फेरीने ८७.५ टक्के. परीक्षकाचाच पेपर तपासला गेला होता. तो ज्या खोलीत तपासला गेला तिथली शांतता कशी असेल याची कल्पना ज्याने दुर्बीण धरली आहे त्याला लगेच येईल.

उत्तर यायला सहा महिनेही लागले नाहीत. २००४ साली 'जामा'मध्ये दुर्बिणीच्या जगातले बुजुर्ग पीटर कॉटन यांचा ६१५ जणांचा अभ्यास आला. त्यात सीटीने १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पॉलिप असलेले लोक फक्त ५५ टक्के ओळखले. तीच सीटी, तेच आतडं आणि एवढी तफावत! दोन्ही गटांनी एकमेकांची मापं काढली. पिकहार्टच्या मंडळींनी रुग्णांना आधी बेरियम आणि आयोडीनचं औषध पाजून आतड्यात राहिलेला मळ पांढरा करून घेतला होता आणि संगणकाने तो चित्रातून पुसला होता. शिवाय ते त्रिमितीतून उडत जात होते. कॉटन यांच्या केंद्रांत बहुतेकांनी सपाट चित्रं वाचली आणि वाचणाऱ्याला किमान दहाच तपासण्यांचा अनुभव पुरेसा धरला होता. मात्र त्याच अभ्यासातल्या एका केंद्राकडे आधीचा भरपूर सराव होता आणि त्या एकट्याचा निकाल बाकीच्यांपेक्षा कितीतरी सरस होता. एकाच निबंधात दोन्ही बाजूंना हवं ते सापडण्याची सोय झाली. पुढची चार वर्षं दोघांनी तोच निबंध उद्धृत केला.

२००८ साली २,५३१ जणांच्या मोठ्या अभ्यासाने सीटीच्या बाजूने कौल दिला: मोठे पॉलिप असलेले ९० टक्के लोक तिने ओळखले. झालं, असं वाटलं. मे २००९मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने ज्येष्ठांसाठी या तपासणीचे पैसे देणार नाही असा निर्णय दिला. पुरावा पुरेसा नाही. नंतर नऊ-दहा महिन्यांत, फेब्रुवारी २०१०मध्ये, त्याच सरकारच्या प्रमुखांची प्रकृतितपासणी झाली. बराक ओबामांचं मोठं आतडं तपासलं गेलं ते सीटीनेच.

त्यामागे एक व्यावहारिक बाजूही होती. दुर्बिणीसाठी गुंगी देतात, आणि गुंगीतल्या माणसाच्या हाती अण्वस्त्रांची चावी ठेवता येत नाही. धाकट्या बुश यांनी २००२ आणि २००७ साली दुर्बिणीपुरते आपले अधिकार डिक चेनींकडे दिले होते. २०२१ साली बायडन यांनी ते कमला हॅरिस यांना ८५ मिनिटांसाठी दिले, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्षीय अधिकार पहिल्यांदा एका स्त्रीच्या हाती आले ते एका आतड्याच्या तपासणीमुळे. निघाला तो ३ मिलिमीटरचा एक पॉलिप. सीटीला गुंगी लागत नाही, त्यामुळे ओबामा तपासणीभर अध्यक्षच राहिले. ज्येष्ठ नागरिकांना मात्र मेडिकेअरने ही तपासणी द्यायला १ जानेवारी २०२५ उजाडावं लागलं.

लहान आतड्याची गोष्ट याच्या अगदी उलट, तिथे प्रतिस्पर्धी एक झाले. इस्रायलच्या संरक्षण संशोधन संस्थेत गावरिएल इद्दान क्षेपणास्त्रांना लक्ष्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांवर काम करायचे. बोस्टनमध्ये एक वर्ष राहिले तेव्हा शेजारी एटान स्कापा हे पोटविकारतज्ज्ञ होते. लहान आतड्यात दुर्बीण पोचत नाही हे रडगाणं त्यांनी शेजाऱ्याला ऐकवलं आणि शेजाऱ्याच्या डोक्यात गिळता येणारा कॅमेरा शिरला. लंडनमध्ये पॉल स्वेन हेही स्वतंत्रपणे त्याच कल्पनेमागे लागले होते. दोन्ही बाजूंना एकमेकांचा पत्ता लागल्यावर पेटंटची लढाई व्हायची ती झाली नाही. १९९९च्या ऑक्टोबरमध्ये तेल अवीवजवळ स्कापांच्या दवाखान्यात पहिली कॅप्सूल गिळली ती स्पर्धक स्वेन यांनीच. तिकडे कॅमेरा आठ तास दर सेकंदाला दोन फोटो काढत राहतो आणि इकडे पन्नास हजारांवर चित्रं बघणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांतून पाणी येतं. चीनमधल्या एका मोठ्या अभ्यासात हे वाचन सरासरी ९६.६ मिनिटांवरून संगणकाच्या मदतीने ५.९ मिनिटांवर आलं. दीड तासाची केस सहा मिनिटांत आटोपणारा माणूस उरलेल्या वेळात काय करेल? आणखी केसेस वाचेल, दुसरं काय.

संगणक शिकतो कुठून, हाही मजेचा भाग आहे. नॉर्वेच्या संशोधकांनी २०१७ साली तिथल्या रुग्णालयांतल्या दुर्बिणीच्या चित्रांचा मोठा संग्रह सगळ्यांसाठी खुला केला, 'क्वासिर'. नॉर्डिक पुराणात क्वासिर हा सर्वांत शहाणा, देवांच्या थुंकीतून जन्मलेला. पचनसंस्थेच्या संग्रहाला याहून समर्पक नाव मिळालं नसतं. त्यातल्या काही चित्रांच्या कोपऱ्यात दुर्बीण पोटात कुठे वळली आहे हे दाखवणारी हिरवी चौकट छापलेली आहे. संग्रह बनवणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगून ठेवलं की ही चौकट जपून हाताळा. ती काही प्रकारच्या चित्रांतच आहे, आणि संगणक आतडं न बघता चौकट बघून उत्तर देऊ शकतो. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्यांना ही युक्ती नवी नाही.

त्याच संग्रहात 'निळ्या रंगाने उचललेला पॉलिप' असा एक वेगळा गट आहे. पॉलिप कापण्याआधी डॉक्टर त्याच्या खाली निळं द्रावण टोचून तो वर उचलतात. म्हणजे त्या चित्रात पॉलिप डॉक्टरला सापडलेला आहे, त्याने तो ओळखला आहे, त्यावर निर्णय घेतला आहे आणि शस्त्रक्रियाही सुरू केली आहे. हे चित्र संगणक अचूक ओळखतो तेव्हा टाळ्या पडतात. साध्या पॉलिपच्या चित्रांचंही फार वेगळं नाही. डॉक्टरने तो पाण्याने धुतलेला असतो, दुर्बीण स्थिर धरून चित्राच्या मधोमध आणलेला असतो आणि मग बटण दाबलेलं असतं. घाईत, कडेला, अर्धवट घडीमागे दडलेला पॉलिप कुणीच फोटोत घेत नाही. आणि निसटतो तो नेमका तसलाच.

पॅथॉलॉजीतही हाच प्रकार झाला, फक्त रंग गुलाबी-जांभळा होता. जठर आणि आतड्याच्या गाठीच्या साध्या काचपट्टीवरून, वेगळी जनुकीय तपासणी न करता, विशिष्ट प्रकारची गाठ ओळखता येते हे जेकब काथर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिलं. या प्रकारात इम्युनोथेरपी चांगली लागू पडते, त्यामुळे शोध खरोखर मोठा होता. पुढे २०२१ साली शिकागोच्या संशोधकांनी अमेरिकेच्या सार्वजनिक कर्करोगसंग्रहातल्या काचपट्ट्या तपासल्या. संगणकाला त्यांवरून पट्टी कुठल्या रुग्णालयातून आली हेही उत्तम ओळखता येत होतं. प्रत्येक प्रयोगशाळेचं रंगवणं थोडं वेगळं, स्कॅनर वेगळा. रंग एकसारखे करण्याच्या नेहमीच्या युक्त्या वापरूनही ही ओळख पुसली गेली नाही. आता ज्या रुग्णालयात वाईट अवस्थेतले रुग्ण जास्त येतात, तिथल्या पट्टीवर 'वाईट' लिहिण्यासाठी गाठ बघायची गरजच काय? जुन्या पॅथॉलॉजिस्टना यात काहीच नवल वाटलं नाही. रंगाच्या छटेवरून कुठल्या लॅबचा टेक्निशियन रजेवर आहे हे ते पूर्वीपासून सांगतात.

आपल्याकडे या उद्योगाचं अवघड काम बहुधा मार्किंगच्या टेबलवर होतं. रेसिडेंट मंडळी माऊसने गाठीच्या कडा ओढत बसतात. गुदाशयाच्या एमआरआयवर रेडिएशन आणि केमोनंतर उरलेला काळा पट्टा हा नुसता व्रण आहे की त्यात गाठ लपली आहे, यावर दोघांच्या रेघा कधी जुळत नाहीत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या भाषेत त्यातल्या एका रेघेला पुढे 'सत्य' म्हणतात. एकदा कंपनीच्या प्रतिनिधीने विचारलं, यातली बरोबर कोणती? वरिष्ठांनी चष्मा पुसत सांगितलं, "जी शेवटी सेव्ह झाली ती."

या काळ्या पट्ट्यावर बरंच काही अवलंबून असतं. साओ पाउलोच्या सर्जन अँजेलिटा हाब्र-गामा यांनी विचारलं, की रेडिएशन-केमोने गाठ पूर्ण नाहीशी झाली असेल तर गुदाशय कापून कायमची पिशवी कशासाठी लावायची? २००४ साली त्यांनी २६५ रुग्णांची हकिगत छापली. त्यांतल्या ७१ जणांमध्ये गाठ पूर्ण गेलेली दिसली आणि त्यांना कापाकापी न करता नजरेखाली ठेवलं होतं. कापणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना 'कापू नका' सांगणारी सर्जन पचणं कठीणच होतं आणि अनेक वर्षं ती पचली नाही. आता एमआरआयच्या छटांमधून उरलेली गाठ हुडकणारी सॉफ्टवेअरं डझनाने निघतात. तरीही कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत या रुग्णांच्या तपासणीची यादी काढून बघा: एमआरआय, दुर्बीण आणि हातमोजा घातलेलं डॉक्टरचं बोट. बोटाची आवृत्ती अजून पहिलीच चालू आहे.

जठराचं बघायचं तर जपानला तोड नाही. २०१८ साली तिथल्या गटाने १३,५८४ चित्रांवर शिकवलेल्या संगणकाला २,२९६ नवी चित्रं दिली. ती त्याने ४७ सेकंदांत संपवली आणि ७७ पैकी ७१ कर्करोग पकडले. बातमी एवढीच आली. निबंधात पुढे असं होतं की त्याने आणखी १६१ ठिकाणी कर्करोग असल्याचं सांगितलं आणि तिथे तो नव्हता, म्हणजे दहादा ओरडला तर सातदा उगाच. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नुसती जठराची सूज होती, हे समजण्यासारखं आहे. पण काही ठिकाणी त्याने जठराच्या खालच्या दारालाच कर्करोग ठरवलं होतं, आणि ते दार प्रत्येक माणसाला असतं.

खोट्या हाकांची सवय लागते. इटलीतल्या एका पाहणीत एका तपासणीत सरासरी २७ वेळा चौकट उगाच उमटली, बहुतेकदा आतड्याच्या घडीवर. उरलेल्या हाका पोटातल्या ऐवजावर. आपल्याकडच्या एंडोस्कोपी रूममध्ये या ऐवजाला प्रादेशिक रंग येतो. जुलाबाचं औषध घ्यायच्या आधी काय खायचं नाही याची यादी हातात देऊनही टोमॅटोची साल, तीळ, भोपळी मिरचीचा तुकडा सापडतोच. "काल फक्त पेज घेतली डॉक्टर, देवाशप्पथ," असं सांगणाऱ्या काकांच्या आतड्यात चौकट टोमॅटोच्या सालीवर अभिमानाने उभी राहते. यंत्राला काही म्हणता येत नाही. काकांना म्हणायला जावं, तर ते गुंगीत असतात.

मग यंत्राचा उपयोग किती, आणि यंत्र चालू आहे म्हणून डॉक्टर सावध होतो त्याचा किती? मोर्टेलचीच शंका नव्या कपड्यांत आली. चीनच्या चेंगडूत वांग पू यांनी १,०५८ जणांवर चाचणी केली होती. पुढे कर्करोग होऊ शकणारे (अ‍ॅडिनोमा) पॉलिप सापडणाऱ्यांचं प्रमाण २०.३ वरून २९.१ टक्क्यांवर गेलं होतं. टीकाकार म्हणाले, डॉक्टरला माहीत होतं ना. तेव्हा त्याच गटाने खोटं यंत्र बनवलं. ते मुद्दाम पॉलिपसारख्या दिसणाऱ्या भलत्याच गोष्टींवर चौकट दाखवायचं आणि आज खरं चालू आहे की खोटं, हे डॉक्टरला कळू द्यायचे नाहीत. २०२० साली निकाल आला. खरं यंत्र ३४ टक्के, खोटं २८ टक्के. खरं जिंकलं. पण खोट्या यंत्राचे २८ आणि आधीच्या अभ्यासातले यंत्राविना २० शेजारी ठेवून बघायचा मोह कुणाला आवरत नाही. दोन वेगळ्या अभ्यासांची अशी तुलना करू नये, असं संख्याशास्त्रज्ञ बजावतात. व्यासपीठावर कुणी करत नाही.

स्पेनमध्ये २०२३ साली ३,२१३ जणांच्या चाचणीत, शौचातल्या रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आलेल्या लोकांवर, यंत्र असताना धोक्याच्या गाठी ३४.८ टक्के जणांत सापडल्या, नसताना ३४.६. यंत्राने वाढवली ती मुख्यतः बारीकसारीक पॉलिपांची संख्या, म्हणजे कापायचं काम आणि पुढच्या खेपांचं वेळापत्रक.

सगळ्यात ताजा किस्सा पोलंडचा आहे. तिथल्या चार केंद्रांमध्ये २०२१च्या अखेरीस यंत्रं बसली. १९ डॉक्टर, प्रत्येकाच्या गाठीशी दोन हजारांहून जास्त तपासण्या. कुणीतरी विचार केला की यंत्र लावलेल्या तपासण्या राहू द्या, यंत्र बंद असतानाच्या बघू या. यंत्र यायच्या आधी याच डॉक्टरांना नुसत्या डोळ्यांनी २८.४ टक्के रुग्णांत अ‍ॅडिनोमा पॉलिप सापडत होते. यंत्राची सवय झाल्यावर, यंत्र बंद असताना, २२.४. लॅन्सेटच्या पोटविकारांच्या मासिकात २०२५च्या ऑगस्टमध्ये निबंध आला आणि वर्तमानपत्रांनी 'यंत्राने डॉक्टरांची नजर घालवली' असे मथळे दिले. मथळे लिहिणाऱ्यांनी लेखकांची यादी बहुधा वाचली नाही. त्यात युइची मोरी हे नाव आहे. जपानमध्ये २०१८ साली मंजुरी मिळालेलं, आतड्यातला पॉलिप कर्करोगाकडे झुकणारा आहे की नाही हे ठरवायला मदत करणारं 'एंडोब्रेन' ज्यांनी घडवलं, त्यांच्यापैकी एक.